होल्डिंग पाँड: गाळ उपसायचा की खारफुटी राखायची?

भरतीओहोटी (धागाकर्ता)
नवी मुंबईचा खाडीलगतचा बराच भाग भरावावर उभा आहे आणि मोठ्या भरतीच्या पातळीखाली येतो. म्हणून तर सिडकोने आखणीतच होल्डिंग पाँड ठेवले. भरती चढली की खाडीच्या दाबाने फ्लॅप गेट, म्हणजे फक्त खाडीच्या बाजूला उघडणारी झडप, मिटतं, नाल्यांचं पाणी पाँडमध्ये साठतं आणि ओहोटीला निघून जातं. आता तिथे गाळ आहे आणि गाळावर खारफुटी. एक चौरस किलोमीटरवर 100 मिमी पाऊस पडला तर 1 लाख घनमीटर पाणी होतं. 10 हेक्टरच्या पाँडमध्ये मीटरभर जागा मोकळी असेल तरच ते सगळं मावेल. निम्मी जागा गाळाने खाल्ली तर उरलेलं पाणी लोकांच्या तळमजल्यात. उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन खारफुटी काढा आणि पाँड खोल करा, हे माझं स्पष्ट मत.

खाडीकाठ
गणित बरोबर, पण मीटर कुठला मोजताय? गेटच्या उंबऱ्याखालचं पाणी ओहोटीतही बाहेर पडत नाही. पंप नसेल तर तिथला गाळ उपसून पावसासाठी एक बादलीही जागा वाढत नाही. कामाची जागा ती उंबऱ्याच्या वरची. शिवाय गाळ येतो कुठून? गेटच्या फटीत प्लास्टिक, लाकडाचा ओंडका अडकतो, बिजागरी गंजते, झडप नीट बसत नाही. मग दर भरतीला खारं पाणी, गाळ आणि खारफुटीचं बी आत येतं. गेट तसंच ठेवून उपसा केलात तर काही वर्षांत पाँड पुन्हा भरेल.

भरतीओहोटी
उंबऱ्याचा मुद्दा मान्य. पण गेट घट्ट बसवलंत तर खारं पाणी थांबेल आणि तुमची खारफुटी हळूहळू वाळेल. ते चालणार आहे का?

खाडीकाठ
नाही चालणार. 2018 च्या निकालात उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला फक्त सार्वजनिक हितासाठी आणि न्यायालयाच्या परवानगीनेच वाव ठेवला, भोवती 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. म्हणून आधी गेटची दुरुस्ती, पण खारफुटीपुरतं खारं पाणी आत येऊ देऊन, नाल्याच्या तोंडाशी जाळ्या आणि गाळ अडवणारे खड्डे. मुळांना हात न लावता फक्त गेटपर्यंतचा प्रवाहमार्ग मोकळा करा.

सर्वेक्षणवाला
दोघेही आधी नकाशा नीट करा. ड्रोनच्या चित्रात खारफुटीचे शेंडे दिसतात, तळ दिसत नाही. गढूळ पाण्याखालचं तर काहीच नाही. होडीवर इको साउंडर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) लावून ठरावीक अंतराने आडवे छेद घ्यावे लागतात, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळाची उंची मोजावी लागते. झाडीत होडी शिरत नाही, तिथे रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने जागा आणि उंची मोजणारं हातातलं यंत्र) घेऊन चिखलात उतरावं लागतं. आणि सगळ्यात घातक चूक डेटमची, म्हणजे उंची जिथून मोजायची त्या शून्याची. भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे साधारण सर्वात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून असते, रस्त्याच्या लेव्हल बहुधा सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत दोन्हींत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे 4.8 मीटरची भरती रस्त्याच्या हिशेबात साधारण 2.3 मीटर. ही वजाबाकी विसरलात तर अख्खा पूरनकाशा चुकीचा.

सोसायटी_व्यवस्थापन
पाँडमध्ये येणारं पाणी कमी करण्याबद्दल कुणी बोलत नाही. आवारभर काँक्रीट ओतलं की पाणी थेट गटारात. शोषखड्डा मात्र भरावावर करू नका. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असतं, खड्डा आधीच भरलेला. गच्चीचं पाणी टाकीत घ्या आणि पावसाच्या जोरात टाकी थोडी रिकामी ठेवा.

भरतीओहोटी
सोसायट्यांच्या टाक्यांनी लाख घनमीटर अडणार नाही. उपशाची मागणी मी सोडत नाही. फक्त उंबऱ्याच्या वरचा गाळ, आणि आधी छेद.