वारसा कायद्यावर दर रविवारी लिहितो. ते रविवार वाया गेले का?

रविवारचा वकील (धागाकर्ता)

२०१४ पासून दर रविवारी सकाळी मी मराठीत हिंदू वारसा कायद्यावर लिहितो. विषय तेवढाच: वाटप, हक्कसोड, मृत्युपत्र, वारसनोंद. तालुका कोर्टातली प्रॅक्टिस सांभाळून एका लेखाला चारेक तास जातात. वेळ सत्कारणी लागतोय असंच धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात हिशेब पुन्हा मांडायची वेळ आली.

पन्नाशीच्या एक बाई ऑफिसात आल्या. पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेली प्रिंट काढली. माझाच २०१६ चा लेख. शीर्षक असं: ‘वडील ९ सप्टेंबर २००५ पूर्वी वारले असतील तर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही’. त्याखाली निळ्या पेनाने दोनदा ओढलेली रेघ. २०१७ साली भावाने हीच प्रिंट पुढे ठेवून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती.

लेख प्रकाश विरुद्ध फुलवती या ऑक्टोबर २०१५ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर होता. निकाल मी नीट वाचला होता, शीर्षक नीट दिलं नाही. मुलीला सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः वाटेकरी, करणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली; वडील त्याआधी वारले असतील तर मुलगी सहदायक ठरत नाही, एवढंच त्या निकालातून निघत होतं. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्याला ती १९५६ पासून वारस आहेच. या बाईंची जमीन सहा एकर. आई आधी गेली, वडील २००१ मध्ये, मागे एक भाऊ आणि दोन बहिणी. दोघींची लग्नं १९९४ च्या आधीची, त्यामुळे १९९४ ला अविवाहित मुलींना हाच हक्क देणाऱ्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीचाही उपयोग नाही. काल्पनिक वाटप केलं, म्हणजे वडील वारण्याआधी त्यांच्यात आणि भावात वाटणी झाली असं धरलं, तर वडिलांचे तीन एकर, त्याचे तीन वाटे, म्हणजे बाईंना एक एकर. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाचाच विनीता शर्मा निकाल आला, मुलीचा हक्क जन्मतः धरला गेला आणि तोच वाटा दोन एकर झाला. बाईंनी सही केली ती पदरात काहीही न घेता. त्या एका एकराबद्दल मी लेखात लिहिलं होतं. आठव्या परिच्छेदात.

लिहिणं थांबवावं का? मनापासून विचारतोय.

काळा कोट

साहेब, राग मानू नका, पण थांबवा. तीस वर्षं दिवाणी बाजू बघतोय. सातबारा, आठ अ, फेरफाराच्या जुन्या नकला आणि वंशावळ समोर असल्याशिवाय मी पक्षकाराला तोंडी उत्तरसुद्धा देत नाही. लेखाने कुठली कागदपत्रं पाहिली? वाचणारा स्वतःचं घर त्यात बसवतो आणि बसलं नाही तरी रेटून बसवतो. शिवाय बार कौन्सिलचा नियम ३६ आहे. वकिलाने आडूनसुद्धा जाहिरात करायची नाही. तुमचा हेतू स्वच्छ आहे हे मला माहीत आहे, पण लेखाखाली नाव आणि गाव दिसलं की माणूस पत्ता शोधत येतोच. त्या चार तासांत एक दावा बारकाईने तयार होतो, आणि त्याची जबाबदारी निदान सहीनिशी असते.

मधली लेक

काळा कोट सर, कागदपत्रं पाहिल्याशिवाय बोलू नये हे मान्य. पण कुठली कागदपत्रं मागायची हे आम्हाला कोण सांगणार? आमच्या घरी ‘तोंडी वाटप कधीच झालंय’ एवढंच सांगितलं जायचं. वाटप म्हणजे नोंदणी केलेला दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा, नुसत्या तोंडी वाटपावर भागत नाही, हे मी दादांच्या लेखात वाचलं. तो लेख घेऊन वकिलांकडे गेले. आमच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा (कुणाचा वाटा किती ते ठरवणारा) आधीच झाला होता, अंतिम (प्रत्यक्ष वाटणीचा) बाकी होता. अंतिम बाकी होता म्हणूनच माझ्या वाट्यासाठी अर्ज करता आला. तो लेख नसता तर मीही सही करून मोकळी झाले असते, आणि माझ्या बाजूने प्रिंट घेऊन कुणी आलं नसतं. दादा, ज्यांचं नुकसान झालं त्या तुमच्या ऑफिसात आल्या. ज्यांचं वाचलं त्या कशाला येतील?

बांधावरचा

ताईंचं पटतं, तरी मी विरोधातच. एकीचा फायदा दुसरीच्या तोट्यातून वजा होत नाही. जुने लेख सरसकट काढून टाका. निकाल २०२० ला फिरला, २०१६ चा लेख आजही तसाच फिरतोय. भाऊबंदकीत कागद हे हत्यार असतं, आणि कायद्यावरचा शिळा कागद तर जास्तच.

नवा ज्युनियर

काढू नका सर. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, पण कॉलेजात आम्ही सगळं इंग्रजीत शिकलो. ‘सहदायक’, ‘काल्पनिक वाटप’ हे शब्द वाक्यात कसे चालवायचे ते मी तुमच्या लेखांतून शिकलो. एक मात्र सांगतो, निकालांचा सारांश देणं सोडा. सुप्रीम कोर्टाचे निकाल आता फुकट मिळतात, काहींचं मराठी भाषांतरही होतं. तलाठ्याने वारसनोंदीचा अर्ज परत केला तर पुढे काय करायचं, हे मात्र कुठेच सापडत नाही.

रविवारचा वकील

काळा कोट, नियम ३६ मुळे मी नाव-गाव चार वर्षांपूर्वीच काढलं. बाईंनी ते जुन्या प्रिंटवरून शोधलं. त्यांचं काम मी घेतलं नाही. लेख माझा असताना ते घेणं बरोबर नव्हतं. दुसऱ्या वकिलांकडे पाठवलं. हक्कसोड रद्द करायची मुदत समजल्यापासून तीन वर्षं, आणि ‘समजलं केव्हा’ यावरच तिथे भांडण होणार आहे.

बांधावरचा, काढून टाकले तर प्रिंटा राहतीलच, चूक दुरुस्त झाल्याचा पुरावा मात्र राहणार नाही. मधली लेक, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. चार तासांपैकी माझा सगळा वेळ नव्या लेखात गेला, जुन्याकडे वळून बघायला मी एक रविवारही दिला नाही. माझी चूक तिथे आहे. निदान वर्षभर नवीन काही लिहिणार नाही. २०१५ ते २०२० मधले एकतीस लेख दुरुस्तीसाठी निवडले आहेत, दर रविवारी दोन दुरुस्त करायचे.

पहिला आज सकाळी झाला. शीर्षक बदललं, निकालाची तारीख वर आणली, आणि आठवा परिच्छेद पहिला केला.