मदत हवी आहे: थायलंडमध्ये पूर्ण शाकाहारी जेवण कसं मागायचं?

क्राबीत आहोत, अजून ४ दिवस मुक्काम. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. काल 'व्हेज' सांगून घेतलेल्या पद थाईत (परतलेल्या थाई नूडल्स) तळाशी सुकट निघाली. आई पानावरून उठली ती रात्रभर उपाशीच. फार वाईट वाटलं. हॉटेलच्या नाश्त्यातही तिच्यासाठी फक्त टोस्ट आणि कलिंगड.

'किन जे', म्हणजे थाईत 'पूर्ण शाकाहारी खातो', म्हणून पाहिलं, फोनवर भाषांतरही दाखवलं. मान डोलावतात, पण नाम प्ला, म्हणजे फिश सॉस, घालतातच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान जवळपास दिसलं नाही. भारतीय हॉटेलं दोन्ही वेळा परवडत नाहीत. खोलीत फक्त किटली आहे.

फिश सॉस, ऑयस्टर सॉस, सुकट, अंडं काहीच नको, हे स्वयंपाक्याला नेमकं कळेल असं थाई वाक्य कुणी देवनागरीत लिहून देईल का?