फ्लिप टर्न: भिंतीशी वेग मरतो, निघाल्यावर खोल जाते. सुरुवात कुठून करावी?

टाकीकाठ
मुलगी १२ वर्षांची, उंची १५० सेंटीमीटरच्या आसपास. १०० आणि २०० मीटर फ्री (फ्रीस्टाइल), शिवाय १०० बॅक (बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहणं) पोहते. सराव २५ मीटरच्या टाकीत, शर्यती बहुतेक ५० मीटरमध्ये. फ्लिप टर्न (भिंतीशी कोलांटी मारून वळणं) येतो, पण भिंत जवळ आली की मान वर करून बघते आणि वेग तिथेच जातो. कधी पाय भिंतीला जेमतेम टेकतात, कधी गुडघे थेट छातीला. ढकलून निघाली की खोल जाते आणि वर यायला वेळ लागतो. नाकात पाणी जातं ते वेगळंच. बॅकमध्ये तर टर्नवर डीक्यू (बाद) झाली, कारण दिलं होतं ‘पालथं झाल्यावर टर्न सलग नाही’. बॅच मोठी आहे, सरांना एकेकाचा टर्न बघणं शक्य नसतं. काठावर उभं राहून मी नेमकं काय बघू, आणि आधी काय सुधारायला घेऊ?

मधली_लेन
आधी मान. बाकीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाणी छातीवर आदळतं आणि कोलांटीसाठी जो पुढचा वेग लागतो तोच संपतो. मग मुलं हातांनी पाणी ओढून स्वतःला फिरवतात. वेगात आलेल्या मुलाला फिरायला फार जोर लावावा लागत नाही.

भिंत बघायची नाही, तळ बघायचा. लेनच्या मध्यावरची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर आधी आडव्या पट्टीने संपते. डोकं त्या पट्टीवर आल्यावर तिच्या उंचीला हाताच्या एक किंवा दोन ओढी (इथे ‘हात’ म्हणजे तेच), मग कोलांटी. एक की दोन हे पूर्ण वेगात पोहूनच ठरवा, कारण रमतगमत पोहताना हाताची लांबी बदलते. जुन्या टाक्यांत ही रेघ नेमकी २ मीटरवर संपत नाही. एकदा टेप लावून मोजून घ्या आणि शर्यतीच्या टाकीत वॉर्म-अपला पुन्हा तपासा.

कोलांटीचा क्रम असा. शेवटचा हात मांडीपर्यंत पूर्ण ओढायचा. दुसरा हात आधीच मांडीशी थांबलेला असतो, म्हणजे दोन्ही हात मागे. एक छोटी डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून एकत्र मारलेली लाथ) मारायची, तिने कंबर वर उचलली जाते. त्याच क्षणी हनुवटी छातीला. हात पाण्यात जवळपास जागच्या जागी राहतात आणि शरीर त्यांच्यावरून फिरतं. तळवे फक्त डोक्याकडे दाबायचे. पाय पाण्यावरून येताना गुडघे दुमडलेले हवेत, सरळ पाय आपटले तर वेळही जातो आणि टाचा काठावर लागतात. पाय भिंतीला टेकतील तेव्हा दोन्ही हात डोक्यापलीकडे, एकावर एक, निघायला तयार. मुलं नेमकी इथेच अडतात. पाय टेकल्यावर हात शोधत बसतात आणि भिंतीवर अर्धा सेकंद घालवतात.

पाय टेकतानाच्या गुडघ्याच्या कोनावरून अंतर बरोबर होतं की नाही ते कळतं. काटकोन किंवा त्याहून थोडा जास्त हवा. पाय जवळजवळ सरळ असतील तर कोलांटी लांबून झाली, ढकलायला जोरच उरत नाही. टाचा ढुंगणाला चिकटल्या तर फार जवळ गेली, आणि तेवढ्या दुमडलेल्या पायांतून जोर निघायला वेळ लागतो. तुमच्या मुलीला दोन्ही होतंय, म्हणजे अंतर अंदाजावर चाललंय. रेघेवर आणलंत की हे आपोआप कमी होईल.

नाकाचं सोपं आहे. उलटं असताना नाकातून हवा बाहेर पडत राहिली पाहिजे. हनुवटी खाली जाताना ‘म्म्म’ असं गुणगुणायला लावा, ते पाय टेकेपर्यंत थांबवायचं नाही. पण सगळी हवा पहिल्याच झटक्यात सोडली तर शेवटी पाणी शिरतंच, म्हणून बारीक धार. नोज क्लिपची सवय लावू नका.

आणखी एक गोष्ट, कारण फार मुलं ही चुकतात: फ्रीत पालथं व्हायचं काम भिंतीवर करायचं नाही. उताणं किंवा जरा कुशीवर असतानाच ढकलायचं आणि ग्लाइडमध्ये (ढकलल्यावर हात-पाय न हलवता सरकताना) वळायचं. भिंतीवरच पूर्ण वळायला गेलं की पाय वाकडे टेकतात आणि मूल शेजारच्या दोरीकडे निघतं.

पाच_मीटर_झेंडे
बॅकचं मी सांगतो. पालथं झाल्यावर एका हाताची एकच सलग ओढ, किंवा दोन्ही हातांची एकाच वेळी सलग ओढ, आणि त्यातूनच कोलांटी, एवढीच मुभा नियम देतो. पालथं होऊन हात पुढे ठेवून तरंगत किंवा किक मारत भिंतीची वाट बघणं म्हणजे डीक्यू. ओढ संपल्यावर हात मांडीशी ठेवून किक मारत जाणं, तेही डीक्यू. पंचांना हे काठावरून स्पष्ट दिसतं. मुलं हे करतात कारण ती लवकर पालथी होतात, आणि लवकर होतात कारण भिंत कुठे आहे याची खात्री नसते.

त्यावर उपाय झेंड्यांचा. बॅकचे झेंडे, म्हणजे टाकीवर आडव्या दोरीला लावलेले, भिंतीपासून ५ मीटरवर असतात. डोकं झेंड्यांखाली आल्यापासून हात मोजायचे. आधी कोलांटी न मारता, शर्यतीच्या वेगात, हात भिंतीला लागेपर्यंत किती होतात ते बघा. त्या उंचीच्या मुलांना साधारण पाच-सहा लागतात. पाच लागत असतील तर तिसऱ्या हातानंतर, चौथा हात वरून नेताना पालथं व्हायचं, त्याच हाताची ओढ, आणि कोलांटी. भिंतीला पाय पुरत नसतील तर एक हात वाढवा. दमल्यावर हात आखूड पडतो, म्हणून १०० च्या शेवटच्या वेगातही आकडा तपासा.

टाकीत झेंडे लावलेले नसतील तर सरांना लावायला सांगाच. झेंड्यांशिवाय बॅकचा टर्न शिकवणं म्हणजे डोकं आपटायला लावणं.

भिंत सोडताना शरीर पुन्हा उताणं झालेलं हवं, खांदे उभ्या रेषेच्या पलीकडे पालथ्या बाजूला गेलेले चालत नाहीत. फ्रीच्या सवयीने ग्लाइडमध्ये वळणारी मुलं इथेही सापडतात.

टाकीकाठ
दोघांचेही आभार. काल बाजूने व्हिडिओ काढला. पाय पाण्याच्या अगदी वरच्या कडेला टेकतायत, घोटे बाहेर दिसतात. खोल जाण्याचं कारण हेच का? आणि निघाल्यावर डॉल्फिन किक किती मारायच्या? कुणी तीन म्हणतं, कुणी सहा.

काळी_रेघ
हो, तेच कारण. पाय वर आणि कंबर खाली असेल तर शरीराची रेघ खाली झुकलेली असते, ढकललं की ती त्याच रेघेत खाली जाणार. पाय पाण्याखाली ३० ते ४० सेंटीमीटरवर, कंबरेच्या पातळीत टेकले पाहिजेत, चवडे भिंतीवर, बोटं वर किंवा किंचित बाजूला. तिथून सरळ आडवं निघायचं, साधारण अर्धा मीटर खोलीवर. त्याहून वर राहिलं तर स्वतःच्याच लाटा आडव्या येतात, फार खोल गेलं तर वर यायचा रस्ता वाढतो. पाय वर टेकतात याचा अर्थ कोलांटी अर्धवट राहतेय, हनुवटी लवकर सुटतेय. पाय टेकेपर्यंत नजर गुडघ्यांकडे ठेवायला सांगा.

किकचा आकडा दुसऱ्याच्या मुलावरून ठरत नाही. काठावर १० मीटरवर चप्पल ठेवा. पाय भिंतीवरून सुटले की घड्याळ सुरू, डोकं चपलेच्या रेषेत आलं की बंद. दोन, तीन, चार किकांनी प्रत्येकी तीन वेळा, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन. ज्या आकड्याला वेळ कमी तो तिचा आकडा. ढकलल्यानंतर लगेचचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. तो वेग पोहण्याच्या वेगावर उतरायच्या आत हात सुरू झाला पाहिजे. डॉल्फिन कमकुवत असेल तर सहा किका म्हणजे पाण्याखाली नुसतं थांबणं. आणि ढकलल्या ढकलल्या किक नको, आधी क्षणभर ग्लाइड.

मर्यादा १५ मीटरची, तिथे डोकं वर आलंच पाहिजे. लेनच्या दोरीवर त्या जागी वेगळ्या रंगाचा फ्लोट असतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० बॅकला जपानचा दाइची सुझुकी आणि अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ लेनचा बराच भाग पाण्याखालून गेले, सुझुकीने सुवर्ण घेतलं, त्यानंतर बॅकला आधी १० आणि मग १५ मीटरची मर्यादा आली. बटरफ्लाय आणि फ्रीला ती १९९८ मध्ये लागू झाली. १२ वर्षांच्या मुलीला १५ मीटर गाठायची गरज नाही, ७-८ मीटर नीट जमले तरी खूप आहे.

श्वासाबद्दल: भिंतीआधीच्या शेवटच्या हाताला आणि बाहेर आल्यावरच्या पहिल्या हाताला श्वास नाही. श्वासासाठी डोकं वळलं की स्ट्रीमलाइन (शरीराची ताणलेली सरळ रेघ) तिथेच मोडते.

मधली_लेन
पहिल्या हाताला नाही हे मान्य, पण २०० फ्रीत दुसऱ्या हाताला श्वास घेऊ द्या. कोंडलेली मुलं पुढच्या टर्नला पाण्याखालचं सगळंच सोडून देतात आणि भिंतीतून थेट वर येतात.

सरावाचा क्रम सांगायचा राहिला. आधी लेनच्या मध्यात, भिंतीशिवाय, हात मांडीशी ठेवून कोलांट्या, गुणगुणत. मग भिंतीशी कोलांटी मारून पाय टेकल्यावर थांबायचं, ढकलायचं नाही. हात डोक्यापलीकडे आलेत का, गुडघ्याचा कोन किती, पाय किती खोल, हे तुम्ही काठावरून बघायचं. मग उताणंच ढकलून, किक न मारता, झेंड्यांपर्यंत ग्लाइड. तिथे सरळ पोहोचली की पालथं वळणं जोडा. शेवटी १० मीटरवरून पूर्ण वेगात येऊन १० मीटर बाहेर. असे आठ-दहा टर्न पुरे, त्यापुढे दमून चुकीचेच पक्के होतात. २००० मीटरच्या सरावात २५ च्या टाकीत ७९ टर्न होतात, ५० च्या टाकीत ३९. छोट्या टाकीचा हा फायदा आहे, पण त्यातला प्रत्येक टर्न ढिला मारला तर शर्यतीत ढिलाच येणार.

दोन_हात
पुढे आयएम (एकाच शर्यतीत चारही प्रकार) पोहणार असेल तर ब्रेस्ट (ब्रेस्टस्ट्रोक) आणि फ्लायचा (बटरफ्लायचा) टर्नही आताच लावून घ्या. दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे भिंतीला लागले पाहिजेत, एकावर एक ठेवलेले चालत नाहीत. स्पर्श पाण्यावर असो वा खाली. काठ धरून वर चढायचं नाही. स्पर्श होताच एक कोपर बरगडीकडे खेचायचं, गुडघे पोटाशी, दुसरा हात कानाजवळून मागे, आणि भिंत सोडताना छाती खालच्या बाजूला वळलेली. ब्रेस्टला पाण्याखाली पायापर्यंत एक पूर्ण ओढ आणि पहिल्या ब्रेस्ट किकआधी एकच डॉल्फिन किक. फ्लायवरून आलेली मुलं सवयीने दुसरी मारतात आणि बाद होतात. आयएममध्ये बॅकवरून ब्रेस्टवर जाताना उताणं असतानाच भिंतीला स्पर्श, तिथे बॅकसारखं आधी पालथं होता येत नाही.

आणि गर्दीच्या लेनमध्ये सराव करताना उजवीकडून जाऊन शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये लेनच्या मध्यावर यायचं, कोलांटी मध्यावर, ढकलून परतीच्या बाजूला निघायचं. मागच्या मुलाने किमान ५ मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर एकाची टाच दुसऱ्याच्या गॉगलवर बसते.