टाकीतल्या पेट्रोल पंपाला कोणता पाईप टाकायचा?

प्रश्न (मानेवाडा)
नमस्कार मंडळी. माझी २००७ ची पेट्रोल गाडी आहे, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्शनवाली. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागून राहिला, रामझुला पुलावर चढताना गाडी दम सोडते. पंप टाकीतून वर काढला तर पंप आणि झाकणामधला वीतभर रबरी पाईप फुगलेला, एका बाजूनं चिरलेला. बोट फिरवलं की काळं लागते. दुकानदार म्हणते, इंजिनजवळचा इंजेक्शनचा पाईप कापून देतो, प्रेशर सहन करते. टाकू का? पंपही बदलू का?

उत्तर (कामठी रोड, गॅरेजवाला)
भाऊ, तो पाईप टाकीत टाकू नका. प्रेशर तो सहन करेल, पण प्रश्न प्रेशरचा नाहीच. इंजिनजवळच्या पाईपला पेट्रोल फक्त आतून लागते. टाकीत तोच पाईप बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून राहतो, आणि त्याचं बाहेरचं रबर त्यासाठी बनलेलंच नसते. फुगते, मऊ पडते, मग त्याचा चुरा फिल्टरमध्ये जाते.

पाईपवर छापलेलं वाचा. ३०आर७ म्हणजे कार्बोरेटरच्या कमी प्रेशरचा, ३०आर९ इंजेक्शनचा, पण टाकीबाहेरचा. तुम्हाला पाहिजे एसएई ३०आर१०, पेट्रोलमध्ये बुडवून वापरायचा. महाग आहे, पण लागते वीतभरच. आता पेट्रोल भरतो तिथे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळते, म्हणून इथेनॉल चालते का हेही विचारून घ्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी तर हातातही धरू नका, लवकरच कडक होऊन तडकते.

पंप लगेच बदलू नका. टाकीत पाईप चिरला की गळती बाहेर दिसत नाही, पेट्रोल परत टाकीतच पडते. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर कमी येते आणि सगळे पंपाला दोष देतात. चांगले पंप असेच भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, जीव हळहळते. आधी पाईप बदला, मग गेज लावून प्रेशर बघा.

उत्तर (वाडी)
क्लिपकडेही लक्ष द्या. खाचांची साधी जुबली क्लिप रबर कापते. गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप घ्या, आणि आतला व्यास जुन्या फुगलेल्या पाईपवरून नाही, पंपाच्या नळीवरून मोजा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे भाऊ. जोडणी घरीच केली तर चालेल का?

उत्तर (कामठी रोड, गॅरेजवाला)
चालेल, पण बंद शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर सकाळी लवकरच उरका. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकी त्यानंतरच उघडा. झाकणाचं रबर सील दबलेलं असेल तर तेही नवीन घ्या.