मदत हवी आहे: नागपूरच्या कोर्टातून नरसंहार रोखण्याच्या कामाकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. सनद मिळून पाच वर्षं झाली. आमच्या सिनिअरांकडे बहुतेक अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस असतात, पीडित कुटुंबांच्या वतीनं. यापुढे आंतरराष्ट्रीय मानवाधिकारांत, त्यातही सामूहिक अत्याचार घडण्याआधी रोखण्याच्या कामात जायचं, हे मनाशी पक्कं आहे. वाट कुठून धरावी ते विचारायला हा धागा.

हे डोक्यात आलं एका अर्जामुळे. गेल्या उन्हाळ्यात एका केसचे कागद लावत होते. एफआयआर, पंचनामा, मेडिकल, सगळं हल्ल्यानंतरचं. तळाशी वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज निघाला: चक्कीवाला दळण घेत नाही, दुकानदार सामान देत नाही, आम्हाला भीती वाटते. त्यावर आवकचा शिक्का, तारीख हल्ल्याच्या सात महिने आधीची. शिक्क्याखाली कुणाच्या हातची एक ओळ नाही. तो अर्ज करणारी बाई साक्षीला आली तेव्हा मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

आपल्या १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याच्या नावातच ‘प्रतिबंध’ आहे. १९९५ च्या नियमांत अत्याचारप्रवण भाग हेरणं, गरज पडल्यास शस्त्रपरवाने रद्द करणं, जिल्हा दक्षता समितीची दर तीन महिन्यांनी बैठक, हे सगळं लिहिलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये सामूहिक अत्याचारांच्या धोक्याची चौकट काढली, तिच्यात १४ जोखीम-घटक आहेत. एखाद्या गटाशी चालत आलेला भेदभाव, आधीच्या गुन्ह्यांना शिक्षा न होणं, यंत्रणा दुबळी असणं. वाचताना मला तो अर्जच दिसत होता.

आपल्याकडे कायद्याची बाजू मात्र अपुरी आहे. नरसंहारविरोधी करार १९४८ चा, भारतानं तो १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी देशात वेगळा कायदा केला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यातून उभं राहिलं, त्या रोम कराराचेही आपण सदस्य नाही.

माझ्यापुढे आदर्श आहे नवी पिल्ले यांचा. डर्बनच्या तमिळ बसचालकाची मुलगी. गोऱ्यांच्या फर्ममध्ये दार उघडेना, म्हणून १९६७ मध्ये स्वतःची वकिली सुरू केली. पुढे १९९४ च्या रवांडातल्या नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात न्यायाधीश आणि २००८ ते २०१४ संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त. तिथे त्या ज्या पीठावर होत्या, त्यापुढच्या अकायेसू (रवांडातला एक नगरप्रमुख) खटल्यात मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीदार बाया पिंजऱ्यात उभ्या राहून बोलल्या, पीठानं पुढचे प्रश्न विचारले, १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. सप्टेंबर १९९८ च्या निकालानं बलात्कार हे नरसंहाराचं कृत्य ठरू शकतं हे मान्य केलं. साक्ष नीट ऐकून घेण्यात किती ताकद असते, हे ट्रायल कोर्टात उभं राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता अडचण. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात वकिलांच्या यादीत यायला दहा वर्षांचा अनुभव लागतो. सहायकाला पाच वर्षं किंवा विषयाचं खास ज्ञान. जिल्हा न्यायालयातली माझी वर्षं तिथे खरंच धरली जातात का? कुणी असा अर्ज केलाय? की आधी लायडन किंवा जिनिव्हाला एलएलएम करून यावं? मी राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करणार आहे. ती मिळून गेलेल्यांनी कृपया सांगावं, पहिला हप्ता हातात येईपर्यंत घरून किती पैसे घालावे लागले? बाबा निवृत्त आहेत, त्यांच्या पेन्शनला हात लावायचा नाही.

फ्रेंच शिकायला सुरुवात केली आहे, रोज पहाटे तासभर. त्याऐवजी तो वेळ लेख लिहिण्यात घालवावा, असं एका मैत्रिणीचं मत. तुम्हाला काय वाटतं?

आणखी एक, आणि हेच मला सगळ्यात जास्त सतावतंय. सिनिअर म्हणतात, ‘इथेच राहा, दक्षता समितीच्या बैठका वेळेवर होतात का ते माहितीच्या अधिकारात मागव, तेही रोखण्याचंच काम आहे.’ त्यांचं म्हणणं मला पटतं. बाहेर शिकून पुन्हा विदर्भात येऊन हे काम करणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा, मी स्वतः जाऊन भेटेन.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल. दिवसा कोर्टात असते, संध्याकाळी सातनंतर उत्तर देईन.