फ्लेमिंगचं साल पाठ आहे, पण गोळ्या दोनच हव्यात

औषधवाला_सातारा

मंडळी, पोवई नाक्यापासून चार पावलांवर माझं मेडिकल आहे. हवा बदलली की काउंटरवर एकच मागणी सुरू होते: ‘अँटिबायोटिक द्या, दोनच द्या.’ डॉक्टरांची चिठ्ठी नसते. मी देत नाही, मग लोक तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातात. गोळ्यांच्या पानावरची उभी लाल रेघ म्हणजे ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’, हे सरकार २०१६ पासून सांगतंय. एका गिऱ्हाइकाला ती कंपनीची नक्षी वाटली होती. ते असो.

परवा आलेला पोरगा मात्र डोक्यातून जाईना. एमपीएससीचा अभ्यास करतोय, अभ्यासिकेतून तडक आलेला, काखेत सामान्य विज्ञानाचं जाडजूड पुस्तक, नाक गळतंय. म्हणाला, ‘काका, अमॉक्सी पाचशेच्या दोन द्या.’ अमॉक्सी म्हणजे अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्या घराण्यातलं अँटिबायोटिक. दुकानात गर्दी नव्हती. म्हटलं, बघू तरी.

‘पेनिसिलिन कुणी शोधलं?’
‘अलेक्झांडर फ्लेमिंग, १९२८.’ श्वास घ्यायच्या आत उत्तर.
‘जिवाणूचे आजार सांग.’
‘क्षय, कॉलरा, विषमज्वर, धनुर्वात.’
‘विषाणूचे?’
‘गोवर, कांजिण्या, पोलिओ, इन्फ्लुएंझा, सर्दी.’
‘अँटिबायोटिकने विषाणू मरतो का?’
‘नाही. फक्त जिवाणू.’
‘मग तुला काय झालंय?’
‘सर्दी.’

इथं तो थांबला. मला वाटलं, ट्यूब पेटली. तर म्हणतो, ‘पण काका, मागच्या वेळी दोन गोळ्यांत गुण आला होता.’

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, असं सांगणारं संविधानाचं कलम ५१क सुद्धा त्याला पाठ असणार, यावर मी पैज लावतो.

तर प्रश्न असा. या मुलाला विज्ञान येतं म्हणायचं की नाही? परीक्षेत तो पैकीच्या पैकी मार्क घेईल. आणि अर्धवट डोस घेऊन घट्टमुट्ट जंतू पोसणाऱ्यांतही तोच असेल. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलंय की औषध कमी घेतलं तर जंतूंना त्याची सवय होईल. साल पाठ करणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट का पोचत नाही? तुमच्या गावात, तुमच्या धंद्यात काय दिसतं ते सांगा. ‘सगळा समाजच अडाणी’ छापाची उत्तरं नकोत, ती व्हॉट्सअपवर भरपूर मिळतात.

खडू_फळा (सांगली)

सातारकर, तुमचा पोरगा एकटा नाही. मी सांगलीत हायस्कूलला विज्ञान शिकवतो, असले पोरगे मीच तयार करून तुमच्याकडे पाठवत असेन.

अमेरिकेत सरकारी विज्ञान प्रतिष्ठान लोकांना ठरावीक सोपे प्रश्न विचारून बघतं. २०१२ च्या पाहणीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शंभरातल्या ७४ जणांनी बरोबर सांगितलं. अँटिबायोटिकने विषाणू मरतात का, याला मात्र निम्म्यांच्या आसपासच लोकांचं उत्तर बरोबर आलं. आता हो-नाहीच्या प्रश्नाला छापा-काटा करून उत्तर दिलं तरी निम्मी बरोबर येतात. तेव्हा त्या निम्म्यांतले किती खरोखर जाणतात, देव जाणे. आणि तुमचा पोरगा तिथं ‘जाणत्यां’मध्ये मोजला गेला असता, हे विसरू नका.

मी दर वर्षी दहावीच्या वर्गात विचारतो, उन्हाळा का होतो? हात वर येतात, ‘सर, सूर्य जवळ येतो.’ पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललाय हे याच पोरांनी आदल्या आठवड्यात पेपरात लिहिलेलं असतं. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपण स्वेटर घालून हुरडा खातो तेव्हा. आणि जुलैच्या सुरुवातीला ती असते १५ कोटी २१ लाखांवर. हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग गप्प होतो, पण पटत नाही.

पटतं ते गच्चीवर. सांगलीत ७ मेच्या आसपास, साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. तुमच्याकडे साताऱ्यात दोन-तीन दिवसांनी. पाण्याच्या पाइपचा तुकडा ओळंब्याने सरळ उभा करायचा. सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी येते आणि नाहीशी होते. सुट्टीत बोलावलं तरी दहा-बारा पोरं येतात. मग सांगतो, आता तीन महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला. एक मुलगी लगेच म्हणाली, ‘म्हणूनच आई कुरडया मेच्या शेवटाला मागच्या अंगणात घालते, तिथं तेव्हा ऊन येतं.’ त्या आईला कोणी आस शिकवला नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य परत डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ दिसेल तर शपथ.

हरिपूरकर

मास्तरांनी शेवटी सांगितलं तेच मला म्हणायचंय. लोकांना विज्ञान येतं, फक्त त्यांना ते मास्तरांच्या भाषेत सांगता येत नाही.

आमच्या हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, होती, काही अजून आहेत. २००५ च्या महापुरात बरीच गेली. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत वीस-पंचवीस फूट खोल घेरदार पोट. हळद भरायची, तोंड माती-शेणाने लिंपून टाकायचं, की वर्ष-दोन वर्षं किडीचं नाव नाही. माझे वडील पेवावर हमाली करायचे. पेव फोडलं की कोणीही लगेच उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून द्यायचं, निम्मा दिवस जाऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत तळापर्यंत नीट राहिली तर माणूस आत. मिणमिणली तर कंदील वर, आणि चहा प्यायला जायचं.

वडील चौथी शिकलेले. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड यांतलं काही त्यांना माहीत नव्हतं. पण आत कोंडलेली हळदसुद्धा श्वास घेते, चांगली हवा संपवते आणि जड हवा तळाला बसते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आता सांगा, तुमचा एमपीएससीवाला अडाणी की माझे वडील?

टिंगलखोर

पोराने गोळ्या पुढच्या दुकानातून घेतल्याच असणार. विज्ञान हरलं, धंदा जिंकला. आणि काका, ज्या साताऱ्यात दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचं एवढं काम उभं केलं, तिथली ही गत!

औषधवाला_सातारा

@टिंगलखोर, यात डॉ. दाभोलकरांना ओढू नका. भूत, भानामती, बुवाबाजी हा त्यांचा लढा होता. माझ्या गिऱ्हाइकाच्या मनात कसलीच अंधश्रद्धा नाही, अंगात येतं म्हटलं तर तो हसेल. त्याला अनुभव आलाय, हीच पंचाईत आहे. सर्दी साधारण आठवडाभरात आपली आपण उतरते. हा तिसऱ्या दिवशी गोळी घेतो, पाचव्या दिवशी बरा होतो, आणि श्रेय गोळीला.

@हरिपूरकर, तुमच्या वडिलांना नमस्कार. हे मी दुकानातल्या पोरांना वाचून दाखवलं.

माणदेशी_लेक

मी दहिवडीजवळची, सध्या नोकरीनिमित्त सांगलीत. हरिपूरकर दादा, राग मानू नका, पण तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग मला खटकला.

आधी पवनचक्क्यांचं सांगते. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या आल्या. मग लागोपाठ पाऊस हटला आणि आमच्याकडं बोलणं सुरू झालं, ‘पंख्यांनी ढग पांगवले.’ माझे चुलते आजही हेच म्हणतात. ते अडाणी नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर आधी पंखे आले आणि मग दुष्काळ पडला. काकांच्या पोराने गोळी आधी घेतली आणि मग तो बरा झाला. दोघांचा अनुभव खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरवर आमची दहिवडी, तिथं पाचशेच्या आसपास. ढग घाट चढताना थंड होतात आणि तिथंच रिते होतात. उतरणारी हवा तापते, सुकते आणि आमच्या डोक्यावरून नुसती पळते. हे पंखे बसायच्या हजारो वर्षं आधीपासून चाललंय. चक्कीचा खांब पन्नास-पाऊणशे मीटर आणि पावसाचा ढग कित्येक किलोमीटर उंच. हे सगळं मी चुलत्यांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. शेवटी आजीने एकच विचारलं, ‘बहात्तरला कुठं होत्या रं चक्क्या?’ त्यावर चुलते उठून गोठ्यात गेले. पण एक सांगते, त्या बोलण्यामागं जमिनी कवडीमोलाने गेल्याचा रागही होता. नुसती आकडेवारी सांगून तो जात नाही.

आता पेवाचं. कंदिलाची रीत सोन्यासारखी आहे, पण ती पेवापुरती. आमच्याकडे खोल विहिरीत टप्प्यावर डिझेल इंजिन ठेवायची पद्धत होती. पाणी खाली गेलं की इंजिनही खाली. आमच्या भावकीतले एकजण बंद पडलेलं इंजिन बघायला उतरले आणि वर आले नाहीत. त्यांनी कंदील सोडला असता तरी तो कदाचित मजेत जळत राहिला असता! इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हजारात एक-दोन भाग असला तरी माणूस जातो, आणि तेवढ्यात ज्योत विझण्याइतका प्राणवायू कमी झालेला असेलच असं नाही. हा वायू ज्योतीला कळत नाही. उलट गोबरगॅसच्या टाकीत नाहीतर मैल्याच्या टाकीत कंदील सोडून बघा, मिथेनचा भडका उडेल.

एकच कंदील. पेवात जीव वाचवतो, विहिरीत फसवतो, गोबरगॅसमध्ये जीव घेतो. ज्योत का विझते हे कळलं असेल तरच कुठं कंदील सोडायचा आणि कुठं नाही हे ठरवता येतं. तुमच्या वडिलांचं ज्ञान खरंच होतं, दादा, पण ते पेवाच्या तोंडाशी थांबत होतं. एमपीएससीवाल्याचं पुस्तकाच्या पुठ्ठ्याशी थांबतं. मला दोन्ही सारखीच धोक्याची वाटतात.

खडू_फळा (सांगली)

ताई, हे मी येत्या सत्रात वर्गात सांगणार. आम्ही ‘ज्वलनास ऑक्सिजनची गरज असते’ एवढं लिहून घेतो आणि मेणबत्तीवर ग्लास पालथा घालतो. पेव, विहीर आणि गोबरगॅस असे तीन खड्डे काढून ‘कुठे कंदील सोडाल?’ असं कधी विचारलं नाही. पेपरात असा प्रश्न आला तर पालक तक्रार करतील, अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून.

हरिपूरकर

ताई, राग कशाला. पटलं. वडिलांचे एक जोडीदार पुढं ड्रेनेजच्या कामाला लागले होते, त्यांचं काय झालं ते इथं लिहीत नाही.

पण एक सांगा, मग विहिरीत माणसाने काय सोडायचं?

औषधवाला_सातारा

उत्तर ताई देतीलच, तोवर माझं थोडं. आज तो पोरगा चिठ्ठी घेऊन आला, घसा फुगून ताप आलेला. डॉक्टरांनी तपासून अमॉक्सीच दिलीय, पूर्ण कोर्स. आता ही गोळी कशी चालते ते मी त्याला सांगितलं. जिवाणूच्या पेशीला भिंत असते, वाढताना ती सारखी बांधावी लागते, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्या बांधकामावरच्या गवंड्याचे हात धरतात. भिंत कच्ची राहते, जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना भिंत नाही म्हणून त्या अशा फुटत नाहीत. एवढं सांगून गप्प बसलो. पैसे मोजता मोजता तोच म्हणाला, ‘विषाणूला तर पेशीच नाही. मग गवंडी कुठला?’

पाठ तर त्याला हे होतंच. दोन वाक्यं एकमेकांना कधी भेटली नव्हती, एवढंच. निघताना त्याने विचारलं, ताप उतरला तर उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेला ठेवू का? डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस घे म्हटलं. ठेवील की नाही, माहीत नाही.

माणदेशी_लेक

हरिपूरकर दादा, विहिरीचं उत्तर: इंजिन आत ठेवायचंच नाही, वर ठेवायचं किंवा पाणबुडी मोटर टाकायची. धूर झालाच असेल तर ब्लोअरने बराच वेळ हवा मारायची. वायू मोजायचं यंत्र मिळतं. त्यात प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेटता वायू असे चार आकडे दिसतात. ते दोरीने खाली सोडून बघायचं. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि त्याची दोरी वरच्यांच्या हातात, म्हणजे खाली न जाता ओढता येतं. आणि खालचा हाकेला ओ देईना, तर वरून कोणीही मागोमाग उतरायचं नाही. आमच्या विहिरीत पहिल्यापाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ उतरला होता.