बीटल १९६३ : डाव्या मागच्या चाकातून ‘टक्क’. डिफरन्शियल की एक्सलचा नट?

करवीर_बीटल

नमस्कार मंडळी,

गाडी फोक्सवॅगन बीटल, १९६३ ची. १२०० चं इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, पाच बोल्टची चाकं. बाबांची गाडी, आता माझ्याकडे आहे. कोल्हापुरात रोज नाही, पण आठवड्यातून नक्की बाहेर काढते, पन्हाळ्यापर्यंत नेते. शोभेला ठेवलेली नाही, त्यामुळे ती धड चालणं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

मागून डावीकडून दोन आवाज येतात. क्लच सोडून गाडी निघाली की एकदाच ‘टक्क’. मग गप्प. थांबून रिव्हर्स टाकला की पुन्हा एकदा ‘टक्क’. लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कळलं की दिशा बदलली तरच तो येतो. पुढे जाऊन थांबले आणि परत पुढेच निघाले तर काही नाही. वाघबीळच्या चढावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मात्र चालत्या गाडीतही येतो.

दुसरा आवाज अगदी हळू वेगात, कंपाउंडच्या भिंतीकडेने काच खाली करून जाताना. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ‘कुईं’. वेग वाढला की ऐकू येत नाही.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. चालवून पाहून म्हणाले, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) गेलं, इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी मागच्या चाकाच्या नटाबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘पिन आहे की त्यात, नट कुठं जाणार?’ हबकॅप काढून मी स्वतः पाहिलं. पिन आहे खरी. पण नटाच्या खाचांवर छन्नीचे घाव आहेत, कडा चेपल्यात. आणि नटाच्या भोवती, एक्सल (चाक फिरवणारा दांडा) जिथं ब्रेकच्या ड्रममध्ये जातो तिथं, लालसर बारीक पूड साचली आहे. पुसली, आठवड्याने पुन्हा आली.

गिअरबॉक्स उघडण्याआधी आणखी काय तपासावं? ही गाडी उघडणं सोपं, पण जमवून परत बसवणारा माणूस मिळणं कठीण, म्हणून घाई करायची नाही.

घाटरस्ता

बेअरिंग असेल ताई. जुन्या गाडीत पहिल्यांदा तेच जातं. बदलून टाका.

ओम्नीवाला

माझ्या ओम्नीला मागून आवाज होता, एक्सलचं बेअरिंगच निघालं. पण माझा आवाज वेगळा होता. पन्नासच्या पुढे घरघर सुरू व्हायची, वेगाबरोबर वाढायची, न्यूट्रल केलं तरी थांबायची नाही. उजवीकडे हलकं वळवलं की डाव्या चाकावर वजन येऊन आवाज मोठा व्हायचा. तुमचा तर एकदाच टक्क करून थांबतो. आणि ओम्नीत बेअरिंग शाफ्टवर रिंग दाबून बसवलेलं असतं, मधे असा मोठा नट नसतोच. त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला कितपत लागू पडेल सांगता येत नाही.

दापोडी_फिटर

ताई, तुम्ही आवाज इतका नीट सांगितलाय की निम्मं काम झालं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात गेली, शिवाय ओळखीच्यांच्या दोन-तीन बीटल हाताखालून गेल्यात. ओम्नीवाले बरोबर बोलले. बेअरिंगचा आवाज सलग असतो. डिफरन्शियलचाही बहुतेक वेळा सलगच असतो, अॅक्सिलरेटर दिला-सोडला की त्याचा सूर बदलतो. दिशा बदलली की एकदाच टक्क म्हणजे कुठंतरी मोकळीक आहे, ती एका बाजूची संपून दुसऱ्या बाजूला धडकते. गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं तरी असा दणका येतो, पण तो मधून येतो आणि त्यानं लाल पूड पडत नाही.

ती पूड म्हणजे गंज आणि घासलेलं लोखंड. एक्सलच्या टोकाला दाते आहेत, ड्रमच्या मधल्या भोकात तसेच दाते आहेत. नट पूर्ण ताकदीनं आवळलेला असेल तर ड्रम, त्यामागचा स्पेसर (मधली लोखंडी कडी) आणि बेअरिंगची आतली रिंग असा सगळा संच एकजीव होतो आणि दात्यांना एकमेकांवर घासायला जागाच राहत नाही. नट ढिला असला की दरवेळी दाते एकमेकांवर आपटतात, घासतात, आणि ड्रमचे दाते खाल्ले जातात.

पिनीबद्दल गॅरेजवाल्यांनी जे सांगितलं ते मनातून काढून टाका. पिन नटाला फिरू देत नाही एवढंच तिचं काम. नट ढिला असताना पिन घातली तर तो ढिलाच राहणार, फक्त त्याच जागी राहणार. छन्नीचे घाव सांगतात की कुणाकडे ३६ मिलिमीटरचं सॉकेट नव्हतं आणि नट ठोकून फिरवलाय. छन्नीनं या नटाला लागते ती ताकद कधीच पोचत नाही.

तपासायचं असं. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे). डावं मागचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक मात्र सोडलेला, नाहीतर ड्रमच धरला जाईल. हबकॅप काढून एक्सलच्या टोकावरून नटावर आणि पुढे ड्रमवर एक सरळ रेघ मारा. आता चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवा आणि नजर एक्सलच्या टोकावर ठेवा. चाकाबरोबर एक्सलही थोडा हलला तर ती गिअरची नेहमीची मोकळीक. चाक हललं आणि एक्सल जागेवर राहिला तर दाते खाल्लेत. उजव्या चाकालाही तसंच करून बघा म्हणजे तुलना होईल.

तोवर गाडी बाहेर काढू नका. एसटीच्या गाडीत चाकाचं वजन शाफ्टवर नसतं, शाफ्ट तुटला तरी चाक हबवर राहतं. तुमच्या गाडीत ड्रमला धरून ठेवणारा तेवढा एक नट आहे. ड्रम सरकून बाहेर आला तर नुसतं चाक जात नाही. ब्रेकचे लायनर उघडे पडतात, ब्रेक दाबला की व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात, सगळं ब्रेक ऑईल निघून जातं. १९६३ च्या बीटलला ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. पन्हाळ्याहून उतरताना हे व्हायला नको.

करवीर_बीटल

काका, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसंच केलं. पांढऱ्या नेलपॉलिशची रेघ मारली, भावाला चाक हलवायला लावलं आणि मी टॉर्च घेऊन एक्सलकडे बघत बसले.

उजवं चाक : रेघ अखंड, चाक आणि एक्सल एकत्रच हलतात. डावं चाक : एक्सल आणि नटावरची रेघ जागच्या जागी, ड्रमवरचा तुकडा मागे-पुढे सरकतो, साधारण तीन मिलिमीटर. आणि हलवताना तोच ‘टक्क’, अगदी तोच. ‘कुईं’ही कळलं. ड्रम किंचित तिरका फिरतो आणि त्याची कड मागच्या पत्र्याला एका जागी घासते, तिथं चकचकीत चंद्रकोर उमटली आहे.

पिन ओढून पाहिली तर ती पिनच नव्हती, बांधकामाची तार दुमडून घातली होती! सध्या गाडी घरात उभी आहे. आता नट आवळून भागेल की ड्रम बदलावा लागेल? मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला थोडं ऑईलही दिसतंय.

दापोडी_फिटर

मग गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. ड्रम बदला. नुसता आवळला तर थोडे दिवस आवाज बंद होईल, पण खाल्लेले दाते भरून येत नाहीत, परत ढिला होईल. ड्रम काढल्यावर एक्सलचे दाते कापडानं पुसून नखानं चाचपून बघा. पायरी लागली किंवा दाते टोकदार झाले असतील तर नवा ड्रमही त्यावर टिकणार नाही, मग एक्सलही पाहावा लागेल. साधारणपणे आधी ड्रमचेच दाते जातात.

ऑईलचं कारणही तेच असण्याची दाट शक्यता आहे. या गाडीत मागचं बाहेरचं बेअरिंग गिअर ऑईलवरच चालतं आणि ते रोखणारे ओ-रिंग (रबराच्या गोल कड्या) त्या स्पेसरच्या संचात असतात. नट ढिला म्हणजे संच ढिला, ऑईल बाहेर. सीलचा किट घ्या, त्यात सील, दोन ओ-रिंग आणि कागदी गॅस्केट येतं. स्पेसर नक्की नीट बघा. सील जिथं टेकतं तिथं खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल. लायनरला ऑईल लागलं असेल तर दोन्ही मागच्या चाकांचे लायनर बदला. पेट्रोलनं धुऊन परत घालू नका. आणि गिअरबॉक्समधलं ऑईल किती उरलंय ते भरायच्या बोल्टमधून तपासा.

आवळताना चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, उटी लावलेली. दोन्ही बाजूंचे आटे सरळच आहेत, घड्याळाच्या दिशेनं आवळायचं. लागते ती ताकद २१७ फूट-पाउंड, म्हणजे ३० किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. इतका मोठा टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. नाहीतर जाड दांडीला पाइप लावा, दांडी आडवी धरा आणि नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर साठ किलोच्या माणसानं सावकाश पूर्ण वजन द्यायचं. वजन कमी-जास्त असेल तर अंतर त्या हिशेबानं बदला. उडी मारायची नाही.

एवढं आवळल्यावर पिनीचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही तर आणखी आवळा. मागे कधीच फिरवू नका. नट नवा, पिन नवी.

करवीर_बीटल

उद्यमनगरात ३६ चं सॉकेट आणि जाड दांडी दोन्ही मिळालं. पाइप घरी आहे, भावाचं वजन बहात्तर आहे, म्हणजे साधारण बेचाळीस सेंटिमीटरवर, बरोबर ना? ड्रम पाच बोल्टचाच लागेल ना? एक विक्रेता चार बोल्टचा दाखवतोय, म्हणतो सगळे सारखेच.

दापोडी_फिटर

बेचाळीस बरोबर. चार बोल्टचे ड्रम साधारण १९६७-६८ पासूनच्या गाड्यांचे, ते घेतलेत तर तुमची चाकंच बसणार नाहीत. पाच बोल्टचाच मागा, आणि पैसे देण्याआधी त्याचे दाते बघून घ्या. जुना वापरलेला ड्रम नवा म्हणून रंगवून विकतात. गाडी शे-दोनशे किलोमीटर चालली की पिन काढून त्याच ताकदीनं नट पुन्हा तपासा आणि नवी पिन घाला. उजवा नटही त्याच दिवशी तपासून घ्या, तिथं आज मोकळीक नसली तरी तो कुणी कशानं आवळलाय हे आपण पाहिलेलं नाही.